खाज मुलाला, रोग कुत्र्याला

इंदुरात राजवाड्याजवळच्या एखाद्या जुन्या घरात मुलाच्या हातावर, पोटावर लाल पुरळ उठते. उष्णता झाली असे ठरवून आजी गुलकंद आणि सब्जा सुरू करते. चार दिवस बरे वाटते व पुन्हा तीच खाज. अशा वेळी मुलाच्या कातडीबरोबरच दाराशी लोळणाऱ्या कुत्र्याकडे आणि खिडकीवरील कबुतराच्या घरट्याकडेही पाहणे अवश्य असते.

हा उपद्रव माइट नावाच्या अतिसूक्ष्म जीवांचा होय. हे कीटक नव्हेत. कोळी आणि गोचीड यांचे ते भाऊबंद. खरजेचे मूळ अशा जीवात आहे, हे इटलीतील बोनोमो या वैद्याने १६८७ साली सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले.

माणसाची खरूज माणसापासून माणसाला होते. म्हणून तेथे घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावयाचे असते. कुत्र्याच्या लुतेचे माइट निराळे. ते माणसास खाज आणतात, पण त्याच्या कातडीत त्यांचा वंश वाढत नाही. कुत्र्याला पशुवैद्याकडे नेऊन बरे केले, की मुलाचे पुरळ सहसा आपोआप ओसरते. कुत्र्याला हाकलून देणे म्हणजे केवळ रोग शेजाऱ्याच्या दारी पाठविणे. कबुतरांची पिल्ले उडून गेल्यावर घरट्यातील उपाशी माइट घरात शिरतात. तेव्हा रिकामे घरटे, नाकातोंडाला फडके बांधून, ओले करून काढावे.

परंतु एक माइट खाजेवर थांबत नाही. त्याची कोवळी पिल्ले उंदरांच्या अंगावर पोसतात आणि गवताझुडपांतून जाणाऱ्या माणसास चावून स्क्रब टायफसचे जंतू त्याच्या शरीरात सोडतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात या तापाने अनेकांचे बळी घेतले. मध्य प्रदेशातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. पाताळपाणी, चोरल येथे पावसाळी सहलीस जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर लोळू नये, घरी येताच स्नान करावे.

चावल्यानंतर सुमारे एक-दोन आठवड्यांनी ताप, डोकेदुखी सुरू होते. काखेत वा जांघेत, न दुखणारी काळी खपली कधी दिसते, कधी दिसतही नाही. डॉक्सिसायक्लिन हे साधे औषध वेळीच मिळाले तर रोगी बरा होतो. विलंब झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात ताप येताच अंग नीट तपासावे आणि आपण रानात किंवा शेतात गेलो होतो, हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.