मूठभर धान्याचे बळ

दानधर्म हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एखाद्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरील संगमरवरी पाटी उभी राहते. तीवर देणगीदाराचे नाव आणि त्यापुढे लाखांचा आकडा कोरलेला असतो. ती पाटी वाचून सामान्य प्रापंचिक माणूस मनाशी म्हणतो, "हे थोरामोठ्यांचे काम. महिन्याच्या पगारात तोंडमिळवणी करणारे आपण, आपण काय देणार?" या उद्गारात विनय आहे खरा, पण त्यात एक गोष्ट नजरेआड होते. इमारत कोणी बांधली हे पाटी सांगते. त्या इमारतीत पुढे रोज चूल कोणी पेटती ठेवली, हे ती सांगत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची गरीब मुले तेथे एका पंगतीस बसत. या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु एका माउलीच्या दागिन्यांवर एवढा संसार कायमचा कसा चालावा? खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी आपल्या कणगीतील मूठमूठ धान्य या कार्यास दिले. यालाच मुष्टी फंड म्हणत. त्याची रीत अगदी सोपी. स्वयंपाकास धान्य काढताना गृहिणीने एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावी. एका मुठीत पन्नास ग्रॅम तांदूळ धरले, तर महिन्याचे दीड किलो होतात. शंभर घरांचे दीड क्विंटल! देणाऱ्या एकाही घरी कोणी अर्धपोटी उठत नाही, आणि वसतिगृहातील मुले मात्र पोटभर जेवतात.

असाच दुसरा दाखला पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे या सामान्य स्थितीतील गृहस्थांनी दारोदार हिंडून माणशी एक पैसा मागितला. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. पण त्याच पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला आणि तेथे तरुणांना हा धंदा शिकविला जाऊ लागला.

या दोन्ही उदाहरणांतील मर्म रकमेच्या लहानमोठेपणात नाही. ते सातत्यात आहे. महापूर वा भूकंप झाला की आपण सारे हेलावतो, हात सैल सोडतो, आणि ते योग्यच आहे. पण अनाथाश्रमातील मुलांना भूक लागते ती रोज. वृद्धाश्रमाचे वीजबिल येते ते दरमहा. वर्षातून एकदा अवचित आलेल्या पाच हजारांपेक्षा दरमहा ठरल्या तारखेस येणारे दोनशे रुपये चालकांस अधिक मोलाचे वाटतात. कारण त्यांच्या भरवशावर महिन्याचा किराणा भरता येतो. आज तर बँकेस एकदा सूचना दिली, की ही रक्कम दरमहा आपोआप जाते. मुष्टी फंडाचे मडकेच जणू आपल्या पासबुकात येऊन बसले आहे!

ज्याच्यापाशी दोनशे रुपयेही शिल्लक नाहीत, त्याच्यापाशीही देण्यासारखे असते. रक्ताचेच पाहा. मोबदला घेऊन रक्त देण्यास आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. म्हणजे रुग्णालयांची सारी भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यांवर. साठविलेल्या रक्तातील तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट पेशी तर अवघे पाच दिवस. म्हणून एखाद्या उत्सवाच्या दिवशी शेकडो माणसांनी रांग लावली, तरी पुढे उन्हाळ्याच्या सुटीत टंचाई भासतेच. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेला, ४५ किलोहून अधिक वजनाचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. घरातील चौघांनी आपापले महिने वाटून घेतले, तर एका कुटुंबाकडून वर्षभर ही सेवा घडेल.

वेळ हेही एक द्रव्यच आहे. मी पेशाने शिक्षक. म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक लागतो. तो उत्तर सांगतो, लेखनिक लिहितो. शालान्त परीक्षेसाठी हा लेखनिक खालच्या वर्गातील असावा लागतो, म्हणजे नववीतील मुलगाही हे काम करू शकतो. परीक्षा तोंडावर आली तरी लेखनिक न मिळालेल्या मुलाची घालमेल मी पाहिली आहे. वर्षभर अभ्यास करून, केवळ लिहिणारा हात नाही म्हणून त्याचे वर्ष वाया जावे, याहून मोठा अन्याय कोणता? त्या मुलास आपण भीक घालीत नाही; त्याचे ज्ञान त्याच्या उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचवितो, इतकेच.

देताना दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, घरातील अडगळ काढणे म्हणजे दान नव्हे. फाटके कपडे आणि पाने गळालेली पुस्तके संस्थेच्या दारात टाकली, तर ती निवडण्यास तिचीच माणसे गुंततात. आधी विचारावे, काय हवे आहे. मग धुऊन, शिवून, बांधून द्यावे. दुसरे, विचारपूस करावी. संस्था नोंदलेली आहे काय, पावती मिळते काय, हिशेब तपासला जातो काय, हे विचारण्यात संकोच कसला? प्रामाणिक संस्थेस अशा प्रश्नाचा राग येत नाही. फोनवरून घाई करून पैसे मागणाऱ्या अनोळखी माणसास मात्र नम्रपणे नकार द्यावा.

श्रोतेहो, आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरातील सर्वांनी मिळून एकच गोष्ट ठरवावी: कोणते कार्य, किती रक्कम वा किती वेळ, आणि कोणती तारीख. मुलांनाही त्या बोलण्यात घ्यावे. ठरेल ते लहान असू द्या, पण पुढच्या महिन्यात चुकू देऊ नका. कारण आपल्या मुठीवर कुणाची तरी पंगत मांडलेली असेल.