नवे स्पीकर आणि बाबांचे कान

मी रायपूरहून बोलतोय, तेलीबांध्याहून. ज्यांना रायपूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तलावाच्या काठाला आता आम्ही मरीन ड्राइव्ह म्हणतो, संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझ्या लहानपणी इथे आवाज एकच होता, धमतरीकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या गाडीच्या शिट्टीचा. ती गाडी गेली, रुळांच्या जागी एक्स्प्रेसवे आला. लग्नसराईत आणि गणपतीत धुमालच्या गाड्या जातात तेव्हा आमच्या शोकेसच्या काचा वाजतात. नागपूरकरांना धुमाल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

या गोंगाटात मला हाय-फायचं वेड आहे, आणि मला बोलायचंय ते स्पीकर बदलण्याबद्दल.

माझ्याकडे २००६ पासून व्हार्फडेलचे डायमंड ९.१ होते. पाच इंची शंकू, केव्हलारच्या विणीचा, खोका बाजूंनी थोडा गोलाकार. त्यांनी मला कधी त्रास दिला नाही. पण या छंदात त्रास व्हावाच लागतो असं नाही, रात्री अकरानंतर परीक्षणं वाचली की पुरतं. तीन वर्षं वाचून माझं मन केईएफच्या क्यू१५० वर बसलं.

या दोन कंपन्यांचं नातं मजेशीर आहे. व्हार्फडेल गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये यॉर्कशरमध्ये सुरू केली, नाव तिथल्या व्हार्फ नदीच्या खोऱ्यावरून. त्यांच्याकडे तांत्रिक बाजू सांभाळणारे रेमंड कुक बाहेर पडले आणि १९६१ मध्ये केंट परगण्यातल्या मेडस्टोनला त्यांनी केईएफ काढली. म्हणजे मी परक्या घराण्यात जात नव्हतो, गुरूकडून शिष्याकडे जात होतो. आज एकीची मालकी शेन्झेनला आणि दुसरीची हाँगकाँगला, तेव्हा यॉर्कशरी आवाज, केंटचा आवाज वगैरे जे लिहिलं जातं ते वाचून हसावं आणि पुढे जावं.

आता घरात पैसे मागायचे तर कारण लागतं. कारण होते बाबा. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ‘गीतरामायण’ हा त्यांचा जीव. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ती गाणी लागली तेव्हा ते शाळेत होते. छप्पन्नच्या छप्पन्न गाणी पाठ. रायपूरजवळ चंदखुरीला कौसल्येचं देऊळ आहे, तिचं माहेर इकडचं मानतात, त्यामुळे पुण्याचा कुणी पाहुणा आला की बाबा ठरलेलं वाक्य टाकायचे, ‘‘राम तुमचा असेल, आजोळ आमचं.’’

ते बाबा हळूहळू हॉलमध्ये यायचे बंद झाले. मी गाणं लावलं की उठून आपल्या खोलीत. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘चाल ऐकू येते रे. शब्द येत नाहीत. गदिमांचे शब्द नाहीत तर मग काय ऐकायचं?’’

मी लगेच सगळ्यांना सांगितलं, स्पीकर जुने झालेत. हे वाक्य मी किती चटकन उच्चारलं ते आठवलं की आजही ओशाळायला होतं. बाबांच्या अडचणीला मी माझ्या हौसेचं बिल जोडलं होतं.

नागपूरला एका दुकानात जाऊन ऐकून आलो. विक्रेत्याने आधी माझ्याकडे होते तसले लावले, मग नवे. नवे ऐकताच मी खुर्चीत पुढे सरकलो. नंतर कळलं, नव्यांच्या वेळी आवाज जरासा वाढवलेला होता. यात मोठी लबाडी लागत नाही. माणसाच्या कानाला एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. तुम्ही ऐकायला गेलात तर हे एवढं करा: मोबाइलमध्ये आवाज मोजायचं एखादं अॅप घ्या आणि दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर लावायला सांगा. पातळी सारखी केली की निम्मी जादू उतरते. उरते ती खरी.

कागदावर दोन्ही स्पीकरांची संवेदनशीलता ८६ डेसिबल. म्हणजे ठरावीक विद्युतदाब दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. जिथे हा आकडा ८९ असतो तिथे तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते, कारण तीन डेसिबल वाढवायला वीज दुप्पट लागते. माझ्या खरेदीत हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे अॅम्प्लिफायरही बदला म्हणणाऱ्या मित्रांना मी चहा पाजून परत पाठवलं.

स्पीकर आले. जुने उतरवले, नवे त्याच शोकेसवर, भिंतीला टेकवून ठेवले आणि ‘गीतरामायण’ लावलं. बाबांना हाताला धरून आणलं. दोन गाणी त्यांनी निमूट ऐकली आणि म्हणाले, ‘‘डग्गा मोठा झाला.’’ मग उठून गेले.

पन्नास हजारांच्या जवळपास खर्च करून डग्गा मोठा झाला होता.

मित्र म्हणाले, दोनशे तास वाजू दे, मोकळे होतील. वाजवले. स्पीकर फारसे मोकळे झाले नाहीत, माझे कान मात्र सरावले. बाबा काही हॉलमध्ये परत आले नाहीत.

शेवटी बायको म्हणाली, ‘‘इतके दिवस डब्यांची तपासणी केलीत. एकदा बाबांच्या कानांची करा.’’ हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. श्रवणतज्ज्ञांनी आलेख काढला. दोन हजार हर्ट्झपर्यंत बरा, पुढे घाट उतरावा तसा उतार. त्यांनी समजावलं ते असं. स्वर, म्हणजे आ, ई, ओ, यांची ताकद खालच्या पट्टीत असते. स, श, फ, त, च यांची वरच्या पट्टीत. वय झालं की वरची पट्टी आधी जाते. म्हणून माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. त्यात आणखी एक भर: खालचा दणदणीत आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. वरचा खालच्याला तितका झाकत नाही. आमच्या हॉलमध्ये डग्ग्याचा घुमारा गदिमांचे ‘स’ आणि ‘त’ गिळत होता, आणि मी हौसेने त्या घुमाऱ्याला आणखी ताकद आणून दिली होती.

श्रवणयंत्रं घेतली. बाबांना बोलणं लख्ख कळू लागलं. पण गाणं लावलं की ती काढून खिशात! म्हणाले, ‘‘तंबोरा कापतोय.’’ मला वाटलं, चोखंदळपणा. पण त्यांचंच बरोबर होतं. ही यंत्रं बोलण्यासाठी घडवलेली असतात. यंत्र शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते, लांबलचक, न हलणारा सूर दिसला की ती त्याला शिट्टी समजते आणि दाबायला बघते. तंबोरा, बासरी, ऑर्गन म्हणजे लांबलचक न हलणारा सूरच. दुसरी सोय सततचा आवाज गोंगाट समजून कमी करते. आपलं अख्खं संगीत ज्या षड्जावर उभं आहे, तो या यंत्राच्या लेखी पंख्याची घरघर!

पुन्हा गेलो. त्यांनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला, त्यात या सोयी बंद किंवा अगदी मंद. बटण दाबलं की तंबोरा सरळ. यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत, फक्त मागावं लागलं. तुमच्या घरी कुणी यंत्र लावत असेल आणि गाणं सोडून दिलं असेल, तर या भाषणातली बाकी बडबड विसरलात तरी चालेल, एवढं विचारून या.

मग मी खोलीकडे वळलो. आमचा हॉल चौदा फूट लांब, अकरा रुंद, दहा उंच. खाली टाइल्स, भिंती उघड्या. मधोमध टाळी वाजवली की पत्र्यावर खडा पडल्यासारखा टर्र आवाज यायचा. चौदा फुटांत जी लाट अर्धी मावते ती ४० हर्ट्झची. तिची दुप्पट ८०, आणि डग्ग्याचा घुमारा बराचसा शंभराच्या खालीच असतो. म्हणजे खोली आपणहून डग्ग्याला साथ करत होती. त्यावर स्पीकर भिंतीला टेकलेले, त्याने खालचे सूर आणखी फुगतात. क्यू१५० ला तर हवेचं तोंड मागे आहे, ते मी भिंतीने जवळजवळ बुजवलं होतं. सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला, तिथेही घुमारा सर्वात जास्त.

रिंगरोडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून चोवीस इंची लोखंडी स्टँड करून घेतले, नळ्यांत वाळू भरली. तो मला विचारतो, ‘‘एमा गमला रखहू का, भैया?’’ मी हो म्हटलं. कुंडीच समजा. खर्च नव्या स्पीकरांपुढे किरकोळ. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे आणले, सोफा दीड फूट. खाली सतरंजी. मागच्या भिंतीवर सासूबाईंनी शिवलेल्या दोन गोधड्या काठ्यांना अडकवून टांगल्या. यावर घरात चर्चा झाली, तपशील सांगत नाही. टाळीचा टर्र आवाज गेला.

आता परीक्षा कशी घ्यायची? ‘गीतरामायण’ लावून उपयोग नव्हता. ज्याला सगळं पाठ आहे त्याला ऐकू आलं की आठवलं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून मुलीने पन्नास पन्नास सुट्या शब्दांच्या चार याद्या केल्या, आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केल्या. बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या दिवाणावर, एका बाजूला आणि जरा खाली. पडद्यामागे कोणते स्पीकर चालू आहेत ते त्यांना माहीत नाही. आवाजाची पातळी सारखी. शब्द ऐकायचा आणि म्हणून दाखवायचा.

नवे स्पीकर जुन्या जागी, शोकेसवर ठेवले तेव्हा जुन्यांपेक्षा एक-दोन शब्द जास्त आले. जुने स्पीकर नव्या जागी, स्टँडवर ठेवले तर एकदम दहाएक वाढले. नवे नव्या जागी आणखी तीन-चार. एका माणसावरचा प्रयोग आहे, फार ताणू नका. पण त्या शेवटच्या तीन-चार शब्दांबद्दल मला वाटतं ते सांगतो. साध्या स्पीकरात उंच सुरांचा छोटा स्पीकर वर आणि मोठा खाली. समोर, कानाच्या उंचीवर बसलं तर दोघांचं जमतं. खाली बसलं की दोघांचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि काही सूर एकमेकांना खातात. केईएफने १९८८ मध्ये युनि-क्यू आणलं, त्यात छोटा स्पीकर मोठ्याच्या ऐन मध्यात, जास्वंदीत पुंकेसर असावा तसा. आवाज एकाच बिंदूतून निघतो, म्हणून बाजूला बसणाऱ्यालाही बऱ्यापैकी तोच मिळतो. मी मधल्या खुर्चीत बसून इतकी वर्षं जे शोधत होतो ते दिवाणावर बसणाऱ्याच्या कामाचं निघालं. मधल्या खुर्चीत मी स्वतः तीच आंधळी चाचणी दिली तर दहापैकी सहा वेळा मला जुनेच जास्त आवडले. हे बायकोने वहीत लिहून ठेवलंय.

जुने विकले नाहीत. ते बाबांच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर कडेशी आणून ठेवलेत, पलंगापासून हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळून खोली मध्ये येत नाही, स्पीकरच आधी ऐकू येतो. पहाटे साडेपाचला ‘गीतरामायण’ सुरू होतं, आणि आता शब्द मलाही ऐकू येतात, दार बंद असलं तरी.

चाचणीतला एक शब्द राहिला. यादीत ‘पाणी’ होतं, बाबा म्हणाले ‘पानी’. मी चूक मांडली. पुढे ‘लोणी’ला ‘लोनी’, ‘कोण’ला ‘कोन’. मला वाटलं, ण आणि न मधला फरक यंत्रालाही पेलत नाही, आता कसं करायचं. बाबांनी हात वर करून थांबवलं. ‘‘पुन्हा लाव.’’ लावलं. ‘‘आणखी मोठ्याने.’’ लावलं. मग मुलीकडे वळून म्हणाले, ‘‘पोरी, तू बोललीसच ‘पानी’.’’

मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. रायपुरात वाढलेली मुलगी, शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. स्वच्छ, स्पष्ट ‘पानी’. मला आठ वर्षांत ऐकू आलं नव्हतं. तिन्ही शब्दांचे गुण बाबांना परत द्यावे लागले, आणि मुलीला रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत जुन्या स्पीकरांसमोर बसून एक गाणं म्हणावं लागतंय. सध्या विसावं चालू आहे.