दुपारी दोनची हद्द

आज बोलूया एव्हरेस्टवरून मागे फिरण्याबद्दल.

एव्हरेस्टच्या माथ्यावर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. ८००० मीटरच्या वर डोकं नीट चालत नाही. म्हणजे ‘आता फिरू का?’ हे ज्याला विचारायचं, तो मेंदूच थकलेला! म्हणून फिरायची वेळ खालीच ठरवतात. आम्ही कोडमध्ये टाइमआउट आधीच लिहून ठेवतो ना, अगदी तसंच.

आता १० मे १९९६. न्यूझीलंडचा रॉब हॉल, आधी चारदा एव्हरेस्ट चढलेला गाइड. त्याच्या टीमची हद्द होती दुपारी एक, फार तर दोन. टीममधल्या डग हॅन्सनला त्यानेच १९९५ मध्ये शिखराजवळून परत आणलं होतं. या वेळी डग माथ्यावर पोचला चारच्या सुमारास. रॉब त्याच्यासाठी थांबला. मग वादळ आलं. दोघंही परतले नाहीत.

त्याच टीममधले तिघं मात्र सकाळी साडेअकराच्या सुमारास वळले. वर दोरांपाशी गर्दी होती, वेळेत पोचणं शक्य दिसेना. तब्येत ठीक, हवाही तेव्हा बरी. तरी वळले आणि वाचले.

बघा, नियम सगळ्यांना ठाऊक होता. पण दुसऱ्यांदा एवढ्या वर आल्यावर तो पाळणं किती जड जात असेल!

तर मित्रांनो, ट्रेक छोटा असला तरी परतीची वेळ पायथ्याशीच ठरवा, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवा. म्हणजे तुम्ही हट्टाला पेटलात तर कुणीतरी थांबवेल.

भेटू पुढच्या भागात!