मारोतीला उभं कोणी केलं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. दिवसभर सरकारी कार्यालयात नस्त्या पुढे सरकवतो आणि रात्री जेवणं आटोपली की दोघा मित्रांना घेऊन मंडळाची वेबसाइट सांभाळतो. शिक्षण म्हणाल तर कॉम्प्युटरचा डिप्लोमा, तोही वीसेक वर्षांपूर्वीचा. आमच्या हातून एक चूक झाली. ती कशी झाली आणि नंतर आम्ही काय बदललं, तेवढंच सांगायचं आहे.

आपली वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. २००३ साली निघालेली, फुकट मिळणारी ही व्यवस्था. अशा व्यवस्थेला सीएमएस म्हणतात. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही तिच्यात मजकूर लिहिता येतो, फोटो चढवता येतात, जुनं पान दुरुस्त करता येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पाहता पाहता अशा वेबसाइटच्या आतच एआयची बटणं येऊन बसली. विषय सांगा, लेख तयार.

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्याला सांगितलं, जामसांवलीच्या हनुमान मंदिराची माहिती मराठीत लिही. दहा सेकंदांत लिहून दिली. भाषा अशी गोड की आम्हाला आमच्या मराठीची लाज वाटली. रात्रीचे अकरा वाजले होते. वरवर नजर टाकली आणि ‘प्रकाशित करा’ दाबलं.

सकाळी एका काकांचा फोन. “काय रे, मारोतीला उठवून उभं केलं का तुम्ही?”

पान उघडून पाहतो तर ‘हाती गदा घेतलेली भव्य उभी मूर्ती’! पिंपळाखाली निजलेला आपला मारोती, हे इथलं लहान पोरगंही सांगेल.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच पानावर आरतीची वेळही होती. ती आम्ही दिली नव्हती, यंत्रानं आपल्या मनानं टाकली होती. आपल्याकडे लोक आजारी माणसाला घेऊन किती आशेनं येतात, हे तुम्ही रोज पाहता. नागपूरकडचं एक कुटुंब ती वेळ वाचून अंधारातच निघालं आणि आजारी आईला घेऊन पावसात ताटकळत बसलं. त्यांच्या मुलानं विचारलं, “दादा, तुम्ही इथलेच ना? मग असं कसं लिहिलं?” आम्ही खाली मान घालून उभे राहिलो. यंत्रानं लिहिलं, असं म्हणायला तोंड नव्हतं. बटण आमच्याच बोटानं दाबलं होतं.

हे होतं कसं, ते पाहा. आम्ही म्हणतो, “गणपती बाप्पा...” झालं, सगळा मंडप “मोरया” म्हणाला! कोणाला विचार करावा लागला नाही, कारण हजार वेळा ऐकलेलं आहे. यंत्राचं ढोबळमानानं असंच आहे. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, ते त्यानं शिकून घेतलेलं असतं. हनुमान म्हटलं की गदा, मूर्ती म्हटली की उभी. निजलेला मारोती फार थोड्या ठिकाणी, आणि त्याच्याविषयी मराठीत लिहिलेलं त्याहून थोडं. माहीत नसलं तरी यंत्र सहसा गप्प बसत नाही. मोकळी जागा दिसली की सवयीचा शब्द भरतं.

त्यात आपला आणखी एक घोळ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. २०२३ साली पांढुर्णा जिल्हाही झाला. पण घरातली भाषा मराठीच. यंत्राला मध्य प्रदेश दिसला की ते आपल्याला हिंदी समजतं. पोळ्याचा ‘पोला’ करतं, टिळकांचे ‘तिलक’. एकदा आम्ही ळ शोधत अर्धी रात्र काढली.

मग काय, एआय बंद केलं का? नाही. फोटोखालचं वर्णन ते छान लिहितं. ‘फेटे बांधलेल्या मुली लेझीम खेळत आहेत’ असं वर्णन जोडलं की ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल ते वाचून दाखवतो. शेकडो फोटोंना हे हातानं लिहिणं आमच्यानं झालं नसतं. लांब अहवालाचा गोषवाराही बरा काढतं.

फक्त आम्ही त्याची पायरी ठरवून दिली. वर्डप्रेसमध्ये ‘कॉन्ट्रिब्युटर’ नावाचा एक दर्जा असतो. त्याला लिहिता येतं, प्रकाशित करता येत नाही. एआयचा मजकूर ज्या खात्यातून चढतो, त्याला आता तोच दर्जा आहे. कार्यालयात बाबू टीप मांडतो आणि सही साहेबांची असते, तसं. आणि आमचे साहेब कोण? ते फोनवाले काका. मंदिराविषयीचं पान त्यांनी वाचल्याशिवाय जात नाही. वेळ, तारीख, नाव आणि रक्कम या चार गोष्टी यंत्राला लिहूच देत नाही. विचारून, हातानं भरतो. काका चष्मा शोधण्यात दोन दिवस घालवतात, ती गोष्ट वेगळी.

वर्गणीदारांची यादी, मोबाइल नंबर, रुग्णांच्या हकिकती एआयमध्ये टाकायच्या नाहीत, हेही ठरलं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण त्याही आधी, लोकांनी ही माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते.

आता तुमच्याकडे एक काम आहे. मंदिराचे, पोळ्याचे, जुन्या गणेशोत्सवांचे फोटो घरात पेटीत पडले असतील, ते आणून द्या. स्कॅन करून लगेच परत करू. देताना मागच्या बाजूला पेन्सिलीनं हलक्या हातानं साल आणि माणसांची नावं लिहा. ज्यांना ती माणसं ओळखता येतात त्या आजीला आजच विचारा. रविवारी संध्याकाळी आम्ही मंडपातच बसलेले असू.