हरणांचे राखणदार कोण?

(पक्षाच्या शिरूर-दौंड कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



वैशाखी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांच्या काठी मचाणे बांधली जातात. वनखात्याची माणसे आणि शहरांतून आलेले निसर्गप्रेमी रात्रभर त्यांवर बसतात, पाण्यावर आलेली जनावरे मोजतात आणि चार दिवसांनी ते आकडे वृत्तपत्रांतून छापून येतात. दौंडच्या दक्षिणेचा माळ ओलांडला की बारामती तालुक्यातील सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागते. ते चिंकाऱ्यासाठी राखलेले आहे. या माळाच्या आसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या फासेपारध्याला पाणवठ्यावरच्या अशा मोजणीचे हसू आले, तर त्यात नवल नाही. चिंकारा हे कोरड्या मुलखातील जनावर आहे. झाडपाल्यातून आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर ते पाण्यावाचून अनेक दिवस काढू शकते. जे जनावर पाण्यावर येईलच असे नाही, ते पाण्यावर बसून मोजायचे, यास पारधी मोजणी म्हणणार नाही. वनखात्यानेही अलीकडे या उपक्रमास ‘निसर्गानुभव’ म्हणावयास आरंभ केला आहे, हे योग्यच झाले. परंतु जी गोष्ट पारध्याच्या दहा वर्षांच्या पोरास ठाऊक असते, ती त्यास विचारावी, असे मात्र शासनास आजतागायत वाटलेले नाही.

शिकारी जमाती आणि वनाधिकारी यांच्यातील अविश्वासाचे मूळ येथे आहे. शिकाऱ्यास जनावरे हवीत ती मारण्यासाठी आणि अधिकाऱ्यास हवीत ती वाचविण्यासाठी, म्हणून त्यांचे वैर आहे, अशी या प्रश्नाची सोपी मांडणी केली जाते. ती अपुरी आहे. ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याच्यापाशी अधिकार नाही, आणि ज्याच्यापाशी अधिकार आहे त्यास त्या ज्ञानाची गरज वाटत नाही. खरा प्रश्न हा आहे, आणि म्हणूनच तो समाजवादी कार्यकर्त्याचा प्रश्न आहे.

फासेपारध्याची विद्या त्याच्या नावातच आहे. चामड्याचे वा आतड्याच्या तातीचे फास ओळीने मांडायचे, शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने कळपाच्या जवळ सरकायचे आणि कळप हळूहळू फासांकडे वळवायचा, ही काळविटाच्या शिकारीची त्याची रीत. तितर-लाव्यांसाठी निराळे फास, निराळ्या शिळा. या विद्येस वाऱ्याची दिशा, गवताची उंची, विण्याचा हंगाम, कळपातील नराची जागा, सारे ठाऊक असावे लागते. संस्थानिकांना या विद्येची किंमत होती. चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करण्याचा शौक कोल्हापूरसारख्या दरबारांनी अशा जमातींच्या कसबावरच जोपासला. गावालाही ती किंमत होती. पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी उभ्या पिकाची राखण पारध्याकडे असे. हरणांचा कळप शेतात उतरू नये, हे पाहणारा आणि त्याबद्दल सुगीला धान्य घेणारा तो गावाचा राखणदार होता.

ब्रिटिश राजवटीने या राखणदाराचा गुन्हेगार केला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि १९११ च्या कायद्याने त्याचा फास साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात टाकता येऊ लागला. जन्माने गुन्हेगार, रोजची हजेरी, काटेरी तारांच्या आतील वसाहत, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी! ज्या माणसाचे जगणे माळावर भटकण्यावर अवलंबून, त्यास भटकण्याचीच मनाई झाली. या जमातींची हजेरी १९१८ साली आपल्या संस्थानात रद्द करणाऱ्या शाहू छत्रपतींची दृष्टी उर्वरित मुलखास लाभली नाही. स्वराज्य आल्यावरही पाच वर्षे हा कायदा चालू राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि गावात चोरी झाली की पालावर पोलीस, हा शिरस्ता पुढे चालूच राहिला.

या पार्श्वभूमीवर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पाहिला पाहिजे. त्या कायद्याची गरज नव्हती, असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. भारतातील चित्ता तोवर नामशेष झाला होता. स्वातंत्र्योत्तर काळात जीपगाड्या, झगझगीत दिवे आणि बंदुका घेऊन हौशी शिकाऱ्यांनी काळविटांचे कळपच्या कळप कापून काढले होते. काळवीट आणि चिंकारा यांस कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले, ते उचितच झाले. परंतु त्याच कायद्यात इतर काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने ठेवलेले होते. १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत ती वाट खुली होती. परवाना काढण्यासाठी अर्ज, शुल्क, पत्ता आणि साहेबाशी ओळख लागते. बंदुकवाल्या बागाईतदारास ते जमण्यासारखे होते. पालात राहणाऱ्या, अक्षरशत्रू पारध्यास नव्हते. एकाची शिकार खेळ ठरली आणि दुसऱ्याची चोरी.

आज पहिल्या परिशिष्टातील जनावर मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे; २०२२ च्या दुरुस्तीने किमान दंड पंचवीस हजार रुपये केला आहे. वाजवी संशय आहे, एवढ्यावर वनाधिकारी वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो. हा अधिकार बंगल्याच्या फाटकाशी फार जपून वापरला जातो आणि पालाच्या फाटक्या कापडाशी मुळीच जपून वापरला जात नाही. जोधपूरजवळ १९९८ साली झालेल्या काळविटांच्या शिकारीचा निकाल लागला २०१८ साली. त्यात पाच वर्षांची शिक्षा झालेला विख्यात चित्रपट-अभिनेता दोन दिवसांत जामिनावर बाहेर आला. कायद्याने त्यास दिलेला हक्क त्याने वापरला, याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे, की तोच हक्क वापरण्यासाठी लागणारा वकील आणि जामीनदार पारध्यास कोठून मिळावा?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पारधी समाज निर्दोष आहे आणि त्याने आता शिकार केलीच नाही, असे सांगणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. शिकार होते, काही ठिकाणी ती पोटासाठी होते, तर काही ठिकाणी शहरातील गिऱ्हाइकासाठी आणि कातड्याच्या दलालासाठी होते. जो कार्यकर्ता दुसऱ्या प्रकारच्या शिकारीवर पांघरूण घालील, तो त्या समाजाचा मित्र नव्हे. पण दलालाच्या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा तेवढा पकडायचा आणि साखळी शाबूत ठेवायची, यास संरक्षण म्हणत नाहीत.

आणि हरणांचे कळप गेले कोठे, याचा हिशेब केवळ फासांवर मांडून भागणार नाही. काळवीट आणि चिंकारा ही उघड्या माळाची जनावरे आहेत. महसुली दप्तरात या माळाचे नाव ‘पडीक’. पडीक म्हटले की ते कोणासही द्यावयास शासन मोकळे. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडकडे वळले, घोड आणि कुकडीच्या खोऱ्यांतील धरणांचे पाणी शिरूरकडे आले आणि पाण्यामागोमाग ऊस आला. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. जो माळ उरला, त्यावर वनीकरणाच्या नावाखाली चर खोदून झाडे लावण्यात आली. जेथे गवत हेच जंगल आहे, तेथे झाडे लावणे हा त्या जंगलाचा नाश आहे, ही गोष्ट मेंढपाळास कळते, पारध्यास कळते. खात्याच्या वार्षिक उद्दिष्टास मात्र ती कळत नाही. एवढ्या अवाढव्य भूप्रदेशातून हरणांसाठी म्हणून काय राखले गेले? १९९७ चे मयूरेश्वर अभयारण्य सुमारे पाच चौरस किलोमीटर. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातील १९८० चे रेहेकुरी अभयारण्य दोन चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. उलट माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास अभयारण्य कागदावर आखले गेले. २०१२ च्या सुमारास ते बाराशेंवर आणले गेले, आणि माळढोक तर महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासाच झाला. काही ठिकाणी मूठभर जमीन, काही ठिकाणी नकाशावरील रेघ. दोन्हीकडे माळावर जगणाऱ्या माणसाशी सल्लामसलत शून्य.

अभयारण्याच्या कुंपणास हरिण जुमानत नाही. रात्री ते ज्वारीत उतरते. शेतकरी पंचनाम्यासाठी खेटे घालतो आणि भरपाईची वाट पाहतो. तेव्हा वनखात्यावरचा अविश्वास पारध्यापुरता उरत नाही. शिरूर तालुक्याने हे २०२५ साली फार भयंकर रूपात पाहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन बालके होती. संतप्त लोकांनी वनखात्याचे वाहन जाळले, रस्ते अडविले. अखेरीस शासनाने नेमबाज आणून बिबट्यास गोळी घातली. ज्या विद्येस पन्नास वर्षे गुन्हा म्हटले, तिचाच आसरा संकटसमयी शासनास बाहेरून आणून घ्यावा लागला. माग काढणारी, झुडपातील हालचाल ओळखणारी माणसे तालुक्याच्या पालांतून होती; त्यांची नोंद पोलिसांच्या दप्तरात होती, वनखात्याच्या हजेरीपटावर नव्हती.

परंतु राग व्यक्त करताना तो कोणावर, याचाही विवेक हवा. ज्यास लोक शिव्या देतात, तो वनरक्षक बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. अनेक गावांची हद्द, हातात एक काठी, वर अधिकाऱ्याचा धाक आणि खाली गावाचा रोष, अशा कात्रीत तो सापडलेला असतो. निर्णय मुंबई-नागपुरात व्हावेत आणि त्यांचे घाव वनरक्षकाने व पारध्याने एकमेकांवर घालावेत, ही केंद्रित नोकरशाहीची जुनीच रीत आहे. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, ती अशाच प्रश्नांसाठी. १९३० साली चिरनेरला आणि बिळाशीला जंगल सत्याग्रह झाले, तेव्हाही रानावर अधिकार कोणाचा, हाच सवाल होता.

यातून वाट नाही, असे नाही. सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामी बिहारकडील अली हुसेन या मीरशिकारास सोबत घेतले आणि पक्षी मारणारी विद्या पक्षी अभ्यासणारी विद्या झाली. विदर्भात वाशिम-अकोल्याच्या माळांवर ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधीच तणमोराच्या आणि गवताळ रानाच्या रक्षणास उभे राहिले. मध्य प्रदेशातील पन्ना येथे २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता आणि पारध्यांकडे बोट दाखविले जात होते. पुढे तेथील पारधी तरुण पाहुण्यांना रान दाखविणारे वाटाडे झाले. अविश्वास स्वभावात नसतो, तो व्यवहारातून येतो आणि व्यवहार बदलला की जातो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. तो परत मागण्याचे कारणही नाही. पण त्याच कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे आणि वन्यजीव राखण्याची सत्ता ग्रामसभेस दिली आहे. भटक्या समाजांच्या हंगामी वापराची दखलही त्यात आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. तरीही ज्यांचा जन्म पालावर झाला, त्यांच्यापाशी जातीच्या दाखल्यास लागणारे जुने कागद नसतात. आणि दाखला नाही म्हणून हक्क नाही.

तेव्हा या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढील कामे पुरेशी स्पष्ट आहेत. पालोपाल जाऊन जातीचे दाखले आणि शिधापत्रिका मिळवून देणे, हे पहिले काम. पालावर झडती होईल तेव्हा तेथे उभे राहून पंचनामा कायद्याप्रमाणे होतो की नाही, हे पाहणे, हे दुसरे. माळावर चर खोदण्याची योजना आली की ग्रामसभेत हरकत नोंदविणे, हे तिसरे. आणि वनखात्याच्या मजुरीत, मागकाढ्यांत, गणनेत पारधी तरुण-तरुणींस कायम जागा मिळाव्यात, या मागणीसाठी संघटित लढा देणे, हे चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे.

हरिण वाचले पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण ज्याचे पाल रोज उठविले जाते, त्या माणसाकडून हरणाच्या निवाऱ्याची काळजी मागणे न्यायाचे नाही. गावाच्या पिकाची राखण त्याच्याकडे होती, तेव्हा सुगीला त्याच्या झोळीत धान्य पडत असे. माळाची राखण त्याच्याकडे सोपवायची, तर त्याच्या हातात महिन्याचा पगार आणि सातबाऱ्यावर घराची जागा पडली पाहिजे. पुढच्या वैशाखी पौर्णिमेस मचाणावर वनरक्षकाच्या शेजारी पारधी बसलेला दिसावा, आणि त्याने सांगितलेला आकडा नोंदवहीत त्याच्या नावानिशी लिहिला जावा.