कासरा वळणाच्या आधी
(दिंडीच्या पुणे मुक्कामात, मार्केट यार्डातील गाळ्यावर केलेले निवेदन)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरीबुवा म्हणाले, दोन शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, कीर्तन करतो ते ऐकून आणि पाठ करून. आज प्रमाण घेत नाही. अभंग लावला तर दोन तास जातील, आणि पुढं दिवे घाट चढायचाय. साधंच बोलतो. पण बोलायचं ते इथंच, मार्केट यार्डात, कारण आमची खोड इथंच जडली आणि इथंच सुटली.

आम्ही शिरूर तालुक्यातून टेम्पोनं कांदा आणतो. मध्यरात्री गोण्या उतरायच्या, वक्कल लावायचं आणि सकाळच्या लिलावापर्यंत खांबाला टेकून बसायचं. करायचं काय? जवान होतो तेव्हा शेजारच्या शेतकऱ्यानं चिमूट पुढं केली. मग स्वतःची पुडी आली, चुन्याची डबी आली, अडकित्ता आला. तंबाखूत सुपारी कातरून घालायची आणि दाढेत बार भरायचा. गळ्यात तुळशीची माळ होतीच. दारू-मटण कधी शिवलं नाही, म्हणून वाटायचं आपण निर्मळ. तंबाखूला आपल्यात कोणी मोजतच नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. हसू नका, मागच्या रांगेतल्या खिशांतही पुड्या आहेत.

एका वारीत याच भागात आमचं कीर्तन होतं. व्यसनावर फार तावातावानं बोललो. सकाळी एक म्हातारा हमाल आला, पाया पडला आणि म्हणाला, "बुवा, रातचं कीर्तन लई गोड झालं. जरा चुना द्या." त्याच्या मनात काही खोट नव्हती. खांबापाशी आम्हाला वर्षानुवर्षं पाहत होता, म्हणून मागितला. आम्ही डबी पुढं केली, पण हात जड झाला.

त्याच साली तोंड उघडेना. चाल वर न्यायला गेलो की जबडा अडायचा, तिखट लागलं की आग व्हायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. आमची दोनच गेली. ते म्हणाले, सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होत चाललीय. आता सोडलं तर आहे तेवढं राहील, गेलेलं सगळं परत येणार नाही, आणि नाही सोडलं तर पुढं कॅन्सरची भीती. कीर्तनकाराचं तोंडच मिटायला लागलं, माउली.

पंढरीत चंद्रभागेत उभं राहून सोडली. आधीही तीनदा सोडली होती. वारीत काही वाटायचं नाही. हातात टाळ, मुखात भजन, बार भरायला हात मोकळा कुठं? गावीही निभायचं. पण कांदा घेऊन इथं आलो, शेवटची गोणी उतरली, की हात खिशात. आम्ही घातला नाही, तो गेला.

तेव्हा बैल आठवला. गाडीवान झोपला तरी बैल रोजच्या वळणाला वळतो. त्याला "नको" म्हणून कळत नाही. आपल्यातही तसा एक बैल आहे. शिकलेली मंडळी त्याला अंतर्मन म्हणतात. पावली खेळायला नवीन पोरगं येतं तेव्हा पावलं मोजतं, चुकतं, शेजाऱ्याला तुडवतं. चार वाऱ्या झाल्या की पाय आपले आपण पडतात. पावली ज्यानं शिकली, तंबाखूही त्यानंच शिकली. त्याला शपथ ऐकू येत नाही, फक्त सराव कळतो. म्हणून कासरा ओढायचा तो वळणाच्या आधी.

मग आम्ही घरी बंडीचा खिसा शिवून घेतला. मंडळी हसली, पण टाके पक्के घातले. पहिल्या रात्री हात वीसेक वेळा त्या टाक्यांवर जाऊन परत आला. तेवढ्यानं तरी कळायचं की हात निघाला होता. दुसऱ्या खिशात बडीशेप-ओवा ठेवला. खांब बदलला. गोण्या उतरल्या की तलफ यायच्या आत चिपळ्या काढून हरिपाठ सुरू. तलफ पाच-दहा मिनिटं जोर करते, मग ओसरते. तेवढ्यात आठ-दहा अभंग होतात. दुपारी पट्टी घेऊन हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवलो की पुन्हा तेच. बाबा आढावांनी १९७४ साली हमालांसाठी काढलेलं हे केंद्र. तिथं हात धुतला की लगेच बडीशेप.

आणि रोज निजताना डोळे मिटून मार्केट यार्डाची मानसपूजा करायचो. पंढरीला न जाता पांडुरंगाला स्नान घालतो ना, तसंच. टेम्पो लागला, गोणी उतरली, हातात चिपळ्या आल्या. झोप लागेपर्यंत हेच. साडेचार महिने लागले. मध्ये एकदा कांद्याची पट्टी टेम्पोच्या भाड्यालाही पुरली नाही, तेव्हा टपरीवर जाऊन बार भरलाच. त्या रात्री पुन्हा मानसपूजा केली. एकदा वाट चुकला म्हणून कोणी बैल विकत नाही.

दारूचं मात्र वेगळं. रोज पिणाऱ्यानं शपथ घेऊन एकदम तोडू नये; अंग थरथरतं, फिट येते, जिवावर बेततं. आधी डॉक्टर. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण काढलं, येरवड्याला आहे. तिथं जायला लाजू नका. माळेचा त्यात अपमान नाही. आणि पोरांच्या गुटख्याचं म्हणाल, तर सरकारनं २०१२ साली बंदी घातली, पण खिशाला टाके घरच्यांनीच घालायला हवेत.

आज आमचं तोंड अडीच बोटं उघडतं. वरची चाल आम्हाला लागत नाही, ती टाळकरी उचलतात. तुम्ही मघाशी ऐकलंच.

कांद्याच्या दिवसांत लिलावाआधी आम्ही याच गाळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हरिपाठाला बसतो. आता सात-आठ जण असतात, त्यात दोन हमाल आणि एक टेम्पोवाला. माल घेऊन आलात तर या. चिपळ्या जास्तीच्या आहेत.