गोळीतला नको असलेला रेणू

जुलै २०१८ मध्ये युरोपात वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडली. एका उत्पादकाने औषध बनवण्याची पद्धत बदलली होती, त्यातून ती तयार झाली. प्राण्यांत कर्करोग करणारा हा पदार्थ, आणि तोही वर्षानुवर्षे रोज घेतल्या जाणाऱ्या गोळीत! तरीही रुग्णांना सांगावे लागले, की गोळी आपल्या मनाने बंद करू नका; कारण रक्तदाब बेकाबू होण्याचा धोका त्याहून जवळचा होता.

एनडीएमएवर जुने प्रयोग भरपूर होते, म्हणून दिवसाला ९६ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवता आली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पण तपास वाढला तसे दिसले, की कितीतरी औषधांचा स्वतःचा वेगळाच नायट्रोसमाइन असू शकतो. त्यांची माहिती कुठून आणायची? उंदरांवरचा कर्करोगाचा एक प्रयोग दोन वर्षे चालतो.

मग रेणूच्या आकृतीकडे वळावे लागले. नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर हायड्रोजन असेल, तर यकृतातले एन्झाइम तिथेच घाव घालते, रेणू तुटतो आणि त्यातला एक तुकडा डीएनएला चिकटतो. दोन्ही बाजूंना हायड्रोजन नसेल तर ती वाट बंद. रेणूत कुठे कार्बोक्झिलिक आम्लाचा गट असला, तरी जोर कमी होतो. अशा खुणांना गुण देऊन २०२३ मध्ये नियामकांनी पाच वर्ग केले. युरोपात पहिल्या वर्गाला रोज १८ नॅनोग्रॅमची मुभा, शेवटच्या वर्गाला १५००ची. औषध बाजारात राहील की परत बोलावले जाईल, हे या बेरजेवर ठरू शकते. गंमत म्हणजे ही बेरीज कागदावरही होते.

इतर अशुद्धींसाठी मात्र खरी संगणकीय मॉडेले लागतात. आयसीएच एम७ ही मार्गदर्शिका दोन तऱ्हांची मॉडेले मागते: एक तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारे, दुसरे संख्याशास्त्रावर. जिवाणूंवरच्या एम्स चाचणीचा निकाल काय येईल, हे दोघांनी वेगवेगळे सांगायचे. दोघांचे जुळले नाही तर माणसाने डोके घालायचे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

'धोका नाही' असे उत्तर आले, की मी आधी विचारते: असा रेणू मॉडेलने शिकताना कधी पाहिला होता का? नसेल, तर त्या उत्तराला मी उत्तर मानत नाही. तेव्हा प्रयोगशाळेत जाऊन जिवाणूंची चाचणी करायची, आणि नायट्रोसमाइन असेल तर त्यात हॅम्स्टरच्या यकृताचा अर्क घालायचा.